मागणीइतकाच प्रवाह : विमानातील चलविस्थापन पंप आणि हायड्रॉलिक मोटर

मुंबई आणि हैदराबाद येथील विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती धाराशिव जिल्ह्यातून, तुळजापूरच्या अगदी जवळून जाते. भारतातील देशांतर्गत मार्गांवर मोठ्या संख्येने उडणाऱ्या एअरबस ए३२० कुळातील विमानांमध्ये आणि धाराशिवच्या शिवारात गळीत हंगामात चालणाऱ्या ऊसतोडणी यंत्रांमध्ये वरवर पाहता काहीही साम्य नाही. परंतु दोन्हींच्या पोटात एकाच जातीची दोन यंत्रे काम करत असतात. पहिले यंत्र म्हणजे इंजिनाच्या फिरण्याचे तेलाच्या दाबात रूपांतर करणारा पंप, आणि दुसरे म्हणजे त्या दाबाचे पुन्हा फिरण्यात रूपांतर करणारी हायड्रॉलिक मोटर. नाला खोलीकरणाच्या कामावर आलेल्या पोकलेनचे लोखंडी पट्टे चालवणारी आणि तिचा वरचा भाग गोल वळवणारी मोटरही याच कुळातली असते. शेतात ही यंत्रे बंद पडली, तर काम काही तास खोळंबते. विमानात मात्र ती बंद पडणे परवडत नाही, आणि तरीही एखादे कधीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरून सगळी रचना करावी लागते.

दाब आणि प्रवाह

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडले आणि इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेऊन ते कारखान्यात आणले. या तत्त्वाचा उपयोग समजून घेताना दोन राशी वेगळ्या ठेवाव्या लागतात. दाब हा बळ किती मिळेल हे ठरवतो, तर प्रवाह, म्हणजे दर मिनिटाला वाहणारे तेल, हा काम किती वेगाने होईल हे ठरवतो. आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती.

बहुतेक प्रवासी विमानांत हा दाब प्रति चौरस इंच ३,००० पौंड, म्हणजे सुमारे २०७ बार किंवा प्रति चौरस सेंटिमीटर २११ किलो इतका ठेवलेला असतो. या दाबाने मिनिटाला १०० लिटर तेल वाहत असेल, तर त्यातून मिळणारी शक्ती सुमारे ३४ किलोवॅट, म्हणजे ४६ अश्वशक्तीच्या आसपास भरते. एवढी शक्ती बोटभर जाडीच्या नळीतून, हव्या त्या वळणाने, पंखाच्या टोकापर्यंत नेता येते आणि तिथे ती स्वीकारणारे साधन हातात मावण्याइतके लहान असू शकते. प्रत्येक किलो वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या विमानरचनेत हायड्रॉलिक्सने इतकी दशके आपले स्थान टिकवले, ते या गुणामुळे.

अडचण मागणीच्या चढउताराची आहे. उड्डाणानंतर चाके आत घेताना, किंवा उतरण्यापूर्वी पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप खाली सोडताना, तेलाची मागणी काही सेकंद अतिशय मोठी असते. त्यानंतर विमान ठरावीक उंचीवर स्थिर झाले, की सुकाणू-पृष्ठांच्या बारीक हालचालींपुरतेच तेल लागते आणि ही अवस्था तासन्‌तास टिकते. पंप मात्र इंजिनाला दात्यांच्या पेटीतून जोडलेला असतो आणि इंजिन फिरत असेपर्यंत तोही फिरतच राहतो. प्रत्येक फेऱ्याला ठरावीकच तेल ढकलणारा, म्हणजे स्थिर विस्थापनाचा पंप इथे बसवला, तर नको असलेले सगळे तेल दाब-मुक्ती झडपेतून परत टाकीत सोडावे लागेल. विहिरीवरची मोटर दिवसभर चालू ठेवून उपसलेले पाणी पुन्हा विहिरीतच सोडावे, तसा हा प्रकार होईल. शिवाय उच्च दाबाचे तेल झडपेतून सुटताना त्यातील सगळी शक्ती उष्णतेत बदलते, आणि वर काढलेले ४६ अश्वशक्तीचे गणित मग तेल तापवण्याच्या कामी येते. मोठ्या विमानांत चलविस्थापन पंप वापरण्याचे मूळ कारण हे आहे.

तिरक्या तबकडीची करामत

विस्थापन म्हणजे पंपाच्या एका फेऱ्यात पुढे ढकलले जाणारे तेलाचे घनफळ. ते बदलता यावे यासाठी विमानात अक्षीय पिस्टन पंप वापरतात. त्याच्या मध्यभागी एक जाड दंडगोल असतो आणि त्यात अक्षाला समांतर अशी, बहुधा सात किंवा नऊ, भोके वर्तुळाकार पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एक पिस्टन असतो. पिस्टनांची बाहेरची टोके एका न फिरणाऱ्या तबकडीवर टेकलेली असतात आणि ही तबकडी अक्षाशी काटकोनात नसून थोडी तिरकी धरलेली असते. तिला स्वॉश प्लेट म्हणतात.

दंडगोल फिरू लागला, की त्यातील पिस्टन तबकडीवरून घसरत फिरतात. तबकडीच्या दूर गेलेल्या कडेकडे जाताना पिस्टन भोकातून बाहेर सरकतो आणि तेल आत ओढतो. जवळ आलेल्या कडेकडे जाताना तो आत दाबला जातो आणि तेल बाहेर ढकलतो. दंडगोलाच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या स्थिर पट्टीत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन खाचा असतात. एकीतून तेल येते, दुसरीतून जाते, आणि प्रत्येक पिस्टन अर्ध्या फेऱ्यात एका खाचेसमोर व उरलेल्या अर्ध्यात दुसरीसमोर असल्यामुळे झडपा उघडण्या-मिटण्याची वेगळी व्यवस्था लागत नाही. पिस्टनांची संख्या विषम ठेवतात, कारण त्यामुळे एका पिस्टनाचे ढकलणे संपून दुसऱ्याचे सुरू होताना प्रवाहात उठणाऱ्या लाटा लहान राहतात.

पिस्टनाची धाव, म्हणजे स्ट्रोक, तबकडी किती तिरकी आहे यावर अवलंबून असते, हे या रचनेचे मर्म आहे. नऊ पिस्टन, प्रत्येकाचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर आणि धाव दोन सेंटिमीटर असे धरले, तर एका फेऱ्यात २७ घन सेंटिमीटर तेल पुढे जाईल आणि मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वेगाने १०८ लिटर. धाव निम्मी होईल इतकी तबकडी सरळ केली, की त्याच वेगाने ५४ लिटर तेल जाईल. ती अक्षाशी पूर्ण काटकोनात आणली, की पिस्टन फिरत राहतील, पण आत-बाहेर सरकणार नाहीत. पंप पूर्ण वेगाने फिरत असूनही प्रवाह शून्य होईल.

याच उदाहरणातील एका पिस्टनावर २११ किलोच्या दाबाने सुमारे ३१६ किलो बळ येते आणि एवढ्या बळाने दाबलेली वस्तू तबकडीवरून सेकंदाला साठ-सत्तर फेरे मारते. धातू धातूला घासला, तर ही जोडी क्षणात नष्ट होईल. म्हणून पिस्टनाच्या टोकाला एक चपटी पादुका गोलसर सांध्याने बसवतात आणि पिस्टनातून आरपार गेलेल्या बारीक छिद्राने दाबाखालचे तेल तिच्या तळाशी पोहोचवतात. पादुका त्या तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगते. तेलात आलेला धुळीचा किंवा धातूचा सूक्ष्म कण हा थर फाडू शकतो. गाळणीतल्या तेलाची तपासणी हे हायड्रॉलिक्सच्या देखभालीतले कळीचे काम ठरते, ते यासाठीच.

तेलाचा दाब वापरून फिरती गती कमी-जास्त करण्याची ही युक्ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील हार्वे विल्यम्स आणि रेनॉल्ड जॅनी यांनी व्यवहारात आणली आणि तिचा आरंभीचा उपयोग युद्धनौकांवरील तोफा वळवण्यासाठी झाला. विमानाने ती पुढे उचलली.

तबकडी कोण वळवते?

ऊसतोडणी यंत्रात चालक दांडा पुढे-मागे करतो, तेव्हा चाकांना शक्ती देणाऱ्या पंपाची तबकडी त्यानुसार वळते. ती मध्यबिंदू ओलांडून विरुद्ध बाजूला झुकली, की तेल उलट दिशेने वाहते आणि गिअर न बदलताच यंत्र मागे चालू लागते. विमानातील मुख्य पंपाचे काम वेगळे असते. त्याला दिशा बदलायची नसते. कोणत्याही क्षणी मागणी कितीही असो, दाब तेवढाच ठेवायचा असतो. म्हणून त्याची तबकडी वैमानिक वळवत नाही, तेलाचा दाबच वळवतो.

तबकडीमागे एक मजबूत स्प्रिंग असते आणि ती तबकडीला सतत जास्तीत जास्त तिरके ठेवू पाहते. पंपाबाहेर पडणाऱ्या तेलाचा थोडा अंश एका लहान नियंत्रक झडपेकडे नेलेला असतो. तिला कॉम्पेन्सेटर म्हणतात. दाब ठरावीक मर्यादेच्या खाली असेल, तर झडप मिटलेली राहते आणि पंप पूर्ण प्रवाह देतो. कोणीही तेल वापरत नसल्यामुळे दाब चढू लागला, की झडप सरकते, तेल एका नियंत्रक पिस्टनामागे शिरते आणि तो स्प्रिंगच्या विरोधात तबकडीला सरळ करत नेतो. ३,००० पौंडांच्या व्यवस्थेत साधारणपणे २,८५० पौंडांच्या आसपासपर्यंत पूर्ण प्रवाह मिळतो आणि ३,००० च्या जवळ तो शून्याकडे येतो. फ्लॅपची कळ ओढली जाताच दाब किंचित उतरतो, झडप मागे येते, स्प्रिंग तबकडीला पुन्हा तिरके करते आणि सेकंदाच्या लहानशा अंशात प्रवाह पूर्ण होतो. या सगळ्यात ना विजेची गरज असते, ना संगणकाची.

प्रवाह शून्य असतानाही पंप कोरडा फिरत नाही. पिस्टनांच्या फटींतून थोडे तेल पंपाच्या कवचात झिरपत राहते, ते फिरत्या भागांना वंगण देते, उष्णता उचलते आणि वेगळ्या नळीने गाळणीतून टाकीकडे परत जाते. बोइंग ७३७ मध्ये हे तापलेले तेल पंखातील इंधनाच्या टाकीत बुडवलेल्या उष्णता-विनिमयकातून नेऊन गार केले जाते. त्यामुळे या विमानाचे विद्युत हायड्रॉलिक पंप जमिनीवर चालवायचे असतील, तर संबंधित मुख्य टाकीत किमान ७६० किलो इंधन असावे लागते. कवचातून परतणाऱ्या तेलाचे प्रमाण वाढले, तर आतील झीज वाढल्याचे तंत्रज्ञाला पंप न उघडताही कळते.

पंपाच्या तोंडाशी येणाऱ्या तेलाची काळजीही तितकीच महत्त्वाची असते. उंचावर हवेचा दाब कमी झाल्यावर तेलात वाफेचे बुडबुडे तयार झाले आणि ते पंपात जाऊन फुटले, तर धातूचे पृष्ठभाग कोरले जातात. म्हणून तेलाची टाकी इंजिनातून घेतलेल्या हवेने किंवा अन्य मार्गाने दाबाखाली ठेवतात. आणि एवढे करूनही पंप अडकलाच, तर त्याच्या आसाचा मुद्दाम बारीक केलेला भाग तुटतो आणि इंजिनाची दातेपेटी वाचते.

पंप उलटा चालवला की मोटर

याच यंत्रात आसाकडून शक्ती न देता खाचेतून दाबाखालचे तेल सोडले, तर पिस्टन तबकडीवर रेटले जातात, तबकडी तिरकी असल्यामुळे ते बाजूला घसरतात आणि दंडगोल फिरू लागतो. पंपाची मोटर झाली. तिच्या आसावर मिळणारा टॉर्क, म्हणजे पीळ देणारे बळ, विस्थापन आणि दाब यांच्या गुणाकारावर ठरतो, तर वेग प्रवाहावर. एका फेऱ्याला दहा घन सेंटिमीटर तेल घेणारी लहानशी मोटर २०७ बार दाबाखाली तत्त्वतः सुमारे ३३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. ती भाराखाली थांबली, तरी पूर्ण जोर लावून उभी राहू शकते आणि जळत नाही, कारण तेल वाहणे थांबले की शक्ती खर्च होणेही थांबते.

सुकाणू-पृष्ठे हलवण्यासाठी सरळ पुढे-मागे जाणारे सिलिंडर पुरतात. फ्लॅपची गोष्ट वेगळी आहे, कारण डाव्या आणि उजव्या पंखांवरील फ्लॅप तंतोतंत बरोबरीने हलले नाहीत, तर एका बाजूला उचल जास्त होऊन विमान कलंडू शकते. यासाठी ए३२० मध्ये धडाच्या मध्यभागी एकच शक्ती-केंद्र ठेवून तिथून दोन्ही पंखांत लांब फिरते दांडे नेले आहेत आणि त्या केंद्रात दोन हायड्रॉलिक मोटरी बसवल्या आहेत. या विमानात हिरवी, पिवळी आणि निळी अशा रंगांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन स्वतंत्र हायड्रॉलिक व्यवस्था असतात. फ्लॅपची एक मोटर हिरव्या व्यवस्थेवर आणि दुसरी पिवळ्यावर चालते. पंखाच्या पुढच्या कडेवरील स्लॅटसाठी हिरवी आणि निळी अशी जोडी असते. दोन्ही मोटरी विभेदक दातेपेटीने, म्हणजे डिफरन्शियलने, जोडलेल्या असल्यामुळे त्यांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. एका व्यवस्थेचा दाब गेला, तर तिच्या मोटरीवरचा ब्रेक आपोआप लागतो आणि दुसरी मोटर एकटीच, निम्म्या वेगाने, काम पूर्ण करते. एखादा दांडा तुटून दोन पंखांत फरक पडू लागला, तर पंखांच्या टोकांकडील ब्रेक सगळी हालचाल जागच्या जागी थांबवतात. बोइंग ७७७ मध्ये याच कामासाठी मुख्य हायड्रॉलिक मोटरीच्या जोडीला पर्यायी विद्युत मोटर दिलेली आहे.

तेल न मिसळता शक्तीची देवाणघेवाण

पंप आणि मोटर ही एकाच यंत्राची दोन रूपे असल्याचा सर्वांत चतुर उपयोग शक्ती-हस्तांतरण संचात दिसतो. ए३२० च्या हिरव्या व्यवस्थेचा पंप एका इंजिनावर आणि पिवळ्याचा दुसऱ्या इंजिनावर असतो. या दोन व्यवस्थांच्या मध्ये एकाच आसावर दोन अक्षीय पिस्टन यंत्रे बसवलेली असतात, त्यांपैकी एकाचे विस्थापन स्थिर आणि दुसऱ्याचे बदलते. दोन्हींच्या दाबांत ५०० पौंडांहून अधिक फरक पडला, की जास्त दाबाकडील यंत्र मोटर होऊन फिरते आणि दुसऱ्याला पंप म्हणून फिरवते. उलट परिस्थितीत भूमिका उलटतात. एका बाजूचे तेल दुसरीकडे जात नाही, केवळ आसाचे फिरणे जाते. म्हणून एका बाजूची नळी फुटली किंवा तेल दूषित झाले, तरी तो दोष दुसऱ्या बाजूला लागत नाही. अर्थात ज्या व्यवस्थेतील तेलच संपले आहे, तिला हा संच वाचवू शकत नाही आणि तो बंद करावा लागतो. विमान एकाच इंजिनावर धावपट्टीकडे जात असताना हा संच थांबतो, दाब उतरताच पुन्हा सुरू होतो, आणि त्यातून पंखांच्या जवळ बसलेल्या प्रवाशांना करवतीसारखा किंवा भुंकल्यासारखा आवाज ऐकू येतो. अनेकांना तो बिघाड वाटतो. प्रत्यक्षात तो संच नेमून दिलेले काम करत असल्याचा आवाज असतो.

मुख्य पंपांबरोबर बहुतेक विमानांत विजेवर चालणारे लहान पंपही असतात. बोइंग ७३७ मध्ये इंजिनावरील पंप विद्युत पंपाच्या सुमारे चौपट तेल देतो. दाब दोन्हींचा सारखाच असल्यामुळे विद्युत पंपावर काम होते, पण सावकाश. अखेरचा आधार म्हणजे संकटकाळी बाहेर पडून वाऱ्याने फिरणारे पाते, म्हणजे रॅम एअर टर्बाइन. ए३२० मध्ये ते निळ्या व्यवस्थेचा पंप फिरवते, त्या तेलावर एक हायड्रॉलिक मोटर चालते आणि ती मोटर आणीबाणीचे जनित्र फिरवते. वाऱ्यापासून विजेपर्यंतची ही साखळी तेलातून जाते. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी दुर्घटनाग्रस्त झालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७८७ बाबतच्या प्राथमिक चौकशी अहवालात, या टर्बाइनच्या हायड्रॉलिक पंपाने भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ३८ मिनिटे ४७ सेकंदांच्या सुमारास दाब पुरवण्यास सुरुवात केल्याची नोंद आहे. असे टर्बाइन विमानाचे नियंत्रण वैमानिकाच्या हाती ठेवू शकते. गेलेला इंजिनाचा जोर भरून काढणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे काम आहे.

महाराष्ट्रातील कार्यशाळा आणि वाढता दाब

महाराष्ट्रात या यंत्रांशी रोजचा संबंध येणाऱ्या दोन मोठ्या जागा आहेत. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी उभा राहिला आणि पुढे तिथे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. तिथेच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपोही आहे. दुसरी जागा म्हणजे नागपूरच्या मिहान प्रकल्पातील, बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेले मोठ्या विमानांचे देखभाल केंद्र.

ओझरच्याच विमानांवरून दाबाचा प्रवास दिसतो. मिग-२१ मध्ये हायड्रॉलिक दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २१० किलो होता, तर सुखोईच्या दोन स्वतंत्र व्यवस्थांत तो २८० किलो आहे. प्रवासी विमानांत एअरबस ए३८० आणि बोइंग ७८७ यांनी ३,००० वरून ५,००० पौंडांवर झेप घेतली. दाब वाढला, की तेवढ्याच बळासाठी पिस्टन लहान, नळ्या बारीक आणि तेल कमी लागते. मोबदल्यात सांधे अधिक अचूक आणि धातू अधिक भक्कम असावा लागतो. तेलही सारखे नसते. रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांत लाल रंगाचे खनिज तेल वापरतात, तर प्रवासी विमानांत आग सहजासहजी न पकडणारे, जांभळट रंगाचे फॉस्फेट एस्टर द्रव असते. ते त्वचेला आणि डोळ्यांना झोंबत असल्यामुळे तंत्रज्ञाला हातमोजे आणि चष्मा घालावा लागतो, आणि एका तेलासाठी बनवलेले रबरी सील दुसऱ्यात फुगून निकामी होतात.

मर्यादा आणि पुढची दिशा

तीन व्यवस्था असूनही तिन्ही एकदम जाऊ शकतात, हे १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत दिसून आले. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाचा पंखा फुटला, त्याच्या तुकड्यांनी तिन्ही व्यवस्थांच्या नळ्या एकाच भागात तोडल्या आणि सगळे तेल वाहून गेले. पंप कितीही चांगले असले, तरी ढकलायला तेलच उरले नाही. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणले आणि २९६ पैकी १८४ जण वाचले. त्यानंतर नळी फुटल्यावर प्रवाह आपोआप अडवणाऱ्या झडपेची सोय या विमानांत करण्यात आली, आणि व्यवस्थांची संख्या वाढवण्याइतकेच त्यांच्या नळ्या एकमेकींपासून दूर नेणे महत्त्वाचे असते, हा धडा पुढील रचनांमध्ये उतरला.

ए३८० मध्ये या विचाराचा पुढचा टप्पा आहे. त्यात मध्यवर्ती हायड्रॉलिक व्यवस्था तीनऐवजी दोनच ठेवल्या आणि तिसरीची जागा विजेने घेतली. काही सुकाणू-पृष्ठांजवळ स्वतःचे थोडे तेल, स्वतःचा पंप आणि स्वतःची विद्युत मोटर असलेले बंदिस्त संच बसवले आहेत. अशा संचाकडे लांब नळ्या जात नाहीत, फक्त तारा जातात. त्यातील पंपाची तबकडी वळवावी लागत नाही. विस्थापन स्थिर असते आणि मोटरीचा वेग व दिशा बदलून प्रवाह बदलला जातो, त्यामुळे सुकाणू हलायचे नसेल, तेव्हा पंपही जवळजवळ थांबलेला असतो. तेल हवे तेवढेच ढकलावे, हे जुन्या पंपाचे सूत्र इथे कायम आहे; ते पाळण्याची जबाबदारी मात्र स्प्रिंग आणि झडपेकडून इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेली आहे. पादुका आणि तबकडी यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थराला पर्याय सापडलेला नाही. त्यामुळे तेल स्वच्छ ठेवणे, गाळणी वेळेवर उघडून पाहणे आणि कवचातून झिरपणाऱ्या तेलावर लक्ष ठेवणे ही तंत्रज्ञाची कामे, संच कितीही विद्युतचालित झाला, तरी उरणारच आहेत.